रश्श्यात काय आहे?

व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत. एकच अक्षर सहा सुरांत म्हटले की सहा निराळे शब्द होतात. त्यांतल्या एका सुराचे नाव 'हॉय'. हॉय म्हणजे विचारणे. लिहिताना या सुराची खूण म्हणून अक्षराच्या डोक्यावर इवलेसे प्रश्नचिन्ह काढतात. तांदळाच्या शेवया आणि हाडांचा रस्सा यांचा जो पदार्थ आज जगभर 'फो' म्हणून ओळखला जातो, त्याच्या नावावर हेच प्रश्नचिन्ह बसलेले आहे. आम्ही शिक्षक माणसे, आम्हाला आधी अक्षरावरची खूण दिसते आणि मग ताटातले अन्न. आपल्या कानाला तो 'हॉय' जवळजवळ 'होय' असा ऐकू येतो, म्हणजे त्यांचा प्रश्न तो आपला होकार. हा नुसता योगायोग आहे हे मान्य, पण पुढे जे घडले त्यात तो आम्हाला बराच आठवत राहिला.

२०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे नवराबायको हनोईला गेलो. दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि परदेश म्हणून त्याआधी उमरा सोडून कुठे गेलेलो नव्हतो. बायकोचा धाकटा भाऊ तिथे औषधांच्या एका कंपनीत नोकरीला आहे. मुंबईहून थेट विमान जाते, राहायला त्याची जागा होती, म्हणून हे जमले. निघताना वस्तीतल्या लोकांनी एकच प्रश्न विचारला, "तिथे खाणार काय?" तिथे पाहणार काय, असे कोणीही विचारले नाही.

फो हे मुळात सकाळचे खाणे. हनोईच्या जुन्या पेठेत उजाडता उजाडता फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुले मांडली जातात. दुकान म्हणजे दर्शनी बाजूला एक भले मोठे पातेले, त्यातून निघणारी वाफ, शेजारी फळीवर उकडलेल्या मांसाचे तुकडे, चिरलेल्या कांद्याच्या पातीचा हिरवा ढीग, आणि या सगळ्यामागे हातात डाव घेतलेली एक बाई किंवा बुवा. जनावराची हाडे तासन् तास, पुष्कळदा रात्रभर, मंद आचेवर ठेवलेली असतात. आले आणि कांदा निखाऱ्यावर काळा होईपर्यंत भाजून त्यात सोडतात. चक्रफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग, धणे. हे वाचताना कोणाही कोकणी गृहिणीला आपला मसाल्याचा डबा आठवेल, आणि ते खोटेही नाही, कारण आपल्याकडे येणाऱ्या चक्रफुलात आणि दालचिनीत व्हिएतनामचा मोठा वाटा आहे. ईदच्या बिर्याणीत आपण ज्याला हात लावतो ते फूल त्यांच्या उत्तरेकडच्या डोंगरात, लांग सोनच्या बाजूला झाडावर लागते. शेवया म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली पातळ पोळी, तिच्या कापलेल्या पट्ट्या. आपल्या शिरवाळ्यांची चुलत बहीण म्हणा. बाई मूठभर पट्ट्या जाळीच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवते, वाडग्यात टाकते, वर मांस, वर पात, आणि मग डावभर रस्सा. पुरते दोन मिनिटेही लागत नाहीत. किंमत ५०-६० हजार डाँग, म्हणजे आपले पावणेदोनशे-दोनशे रुपये. सायबाचा ड्रायव्हर आणि साहेब शेजारी शेजारी बसून, वाडग्यावर वाकून, सुर्र सुर्र आवाज करत खातात. भेंडीबाजारात फजरनंतर नल्ली निहारी खाल्लेल्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. रात्रभर शिजणारे हाड आणि सकाळी त्यावर तुटून पडणारी कष्टकरी माणसे, दोन्हींची जात एकच.

या पदार्थाचे वय मात्र फार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईत आणि तिच्या दक्षिणेच्या नाम दिन्ह प्रांतात तो आकाराला आला. त्या मुलुखात बैल आणि रेडा नांगरासाठी, मांसासाठी जनावर कापण्याची फारशी रीत नव्हती. फ्रेंच राज्यकर्त्यांना गोमांस हवे होते. चांगले तुकडे त्यांच्या टेबलावर गेले, हाडे मागे राहिली, आणि खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांनी ती हाडे उकळली. त्याआधी म्हशीच्या मांसाच्या रश्श्यात शेवया घालून विकत, असेही सांगतात. नाव कुठून आले यावर वाद आहे. कोणी फ्रेंचांच्या 'पो-तो-फ' या रश्श्याकडे बोट दाखवतो, कोणी शेवयांच्या चिनी शब्दाकडे. म्हणजे एका वाडग्यात एका साम्राज्याचे उरलेसुरले, शेजारच्या देशाच्या शेवया आणि गरिबाची भूक. १९५४ साली जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा आठ-दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फो सायगावला गेला. १९७५नंतर निर्वासितांनी तो पॅरिस, कॅलिफोर्निया, मेलबर्नला नेला. अमेरिकेशी लढाई चालू असताना हनोईच्या सरकारी दुकानांत बिनमांसाचा फो मिळे. त्याला लोक 'वैमानिकाशिवायचा फो' म्हणत, डोक्यावरून फिरणाऱ्या अमेरिकेच्या बिनवैमानिक विमानांवरून. भुकेल्या माणसाचा विनोद असा असतो. न्गुयेन तुआन या नामांकित लेखकाने १९५७मध्ये फोवर एक निबंध लिहिला, तर देश कसल्या दिवसांतून जातोय आणि हा खाण्यावर काय लिहितो, अशी त्याच्यावर टीका झाली. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याच देशाच्या सरकारने हनोईच्या आणि नाम दिन्हच्या फोला राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केले. तेव्हा आम्हीही वाटीभर रश्श्यावर इतकी पाने खर्च करतो आहोत त्याबद्दल वाचकांनी एवढ्यातच नाराज होऊ नये.

आता घडले ते असे. पहिल्या सकाळी मेहुणा कामावर गेला आणि आम्ही दोघे पेठेत बाहेर पडलो. एका गल्लीच्या तोंडाशी असेच एक दुकान होते. साठीची एक बाई, केसांना कापडी टोपी, हातात डाव. वास असा की पाय आपोआप थांबले. आम्ही तयारीने गेलो होतो. मोबाइलमध्ये भाषांतर करणारे यंत्र होते, त्यात वाक्ये आधीच लिहून ठेवली होती. तुमच्या रश्श्यात काय आहे? डुकराचे मांस आहे का? चरबी कशाची आहे? याच सुरीने डुक्कर कापता का? जनावर कोणी कापले? मोबाइल तिच्यासमोर धरून आम्ही एकेक वाक्य ऐकवत गेलो. पहिल्या प्रश्नाला ती हसली आणि म्हणाली, "बो, बो," म्हणजे बैलाचे, गाईचे. दुसऱ्याला तिने मान हलवली. तिसऱ्याला स्टुलांवर बसलेली माणसे वळून बघायला लागली. चौथा प्रश्न झाला तेव्हा तिने डाव पातेल्याच्या काठावर ठेवला, झाकण पूर्ण उचलून बाजूला केले, आणि काहीतरी बोलली. यंत्राने त्याचे भाषांतर करून दाखवले, "माझे भांडे स्वच्छ आहे."

आम्ही हात जोडले, 'सॉरी' म्हणालो आणि निघून आलो. आमचा पाचवा प्रश्न मोबाइलमध्येच राहिला.

सबंध दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते वाक्य आमचे होते. २०१५ साली महाराष्ट्रात कायदा बदलला. गाईची कत्तल १९७६च्या कायद्याने आधीच बंद होती, आता बैल आणि वळूही त्यात आले. २०१६मध्ये उच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द केली, पण लोकांच्या नजरेतली कलमे रद्द करणारे न्यायालय कुठे असते? त्याच सुमारास तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकांचे प्रशिक्षण होते. दुपारी डबे उघडले. समोर बसलेल्या एका बाईंनी आमच्या डब्याकडे पाहून विचारले, "यात काय आहे हो?" प्रश्न तसा साधा होता, आवाजही गोड होता. डब्यात भेंडीची भाजी होती. आम्ही म्हणालो, "भेंडी आहे, मॅडम. डबा स्वच्छ आहे." स्वच्छतेचे त्यांनी विचारलेच नव्हते. ते शब्द आमच्या तोंडून कसे निघाले, कोण जाणे. बाई "तसं नव्हे हो" म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने पाणी घ्यायला उठल्या त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही घरी येऊन फार चिडलो होतो. विचारणाऱ्यावर चिडलो की स्वतःच्या उत्तरावर, ते तेव्हाही कळले नाही.

आणि आता हनोईच्या फुटपाथवर विचारणारे आम्ही होतो. उत्तर देणारी त्या पातेल्यामागे उभी होती.

संध्याकाळी मेहुण्याच्या खोलीत या गोष्टीवर मोठी चर्चा झाली. बायको म्हणाली, "आपण दीन म्हणून विचारलं. त्या बाईंनी नफरत म्हणून विचारलं होतं. दोन्ही एक कसं?" तिचे म्हणणे आम्हालाही पटत होते, आणि तिथेच घोटाळा होता. कारण डब्यापुढच्या बाईंना विचारले असते तर त्यांनीही 'नफरत' असे उत्तर दिले नसते. त्या म्हणाल्या असत्या, हा आमचा धर्म आहे, आमच्या घराची रीत आहे. आपली नियत आपल्याला आतून दिसते, दुसऱ्याची नियत बाहेरून. आतून पाहिलेल्या आणि बाहेरून पाहिलेल्या वस्तूंची तुलना करून आपण निकाल देतो आणि तो दर वेळी आपल्या बाजूने लागतो, यात नवल ते काय?

मेहुणा तीन वर्षे तिथे राहिलेला. त्याने आपला मार्ग काढला होता. मासळी, अंडी, भाजी खायची. मांस हलाल दुकानातून आणायचे. आणि बाकी फार खोदून विचारायचे नाही. "दुलाभाई, हराम-हलालची तहकीक वेगळी आणि तजस्सुस वेगळा," तो म्हणाला. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या आतल्या गोष्टी उकरून काढण्याची मनाई आहे, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. पण ती मनाई फुटपाथवरच्या पातेल्यालाही लागू पडते काय? आम्ही म्हणालो, जे पोटात जाणार त्याची चौकशी हा तजस्सुस नाही. तो म्हणाला, "बरोबर. पण ते तुम्ही खाणार नाही हे पहिल्याच उत्तराला ठरलं होतं. जबिहा नाही हे तुम्हाला घरातून निघतानाच माहीत होतं. मग पुढचे तीन सवाल कशासाठी होते?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. खरे सांगायचे तर पुढचे प्रश्न आपला नकार पक्का करण्यासाठी होते. तोंडाला पाणी सुटले होते, आणि सुटलेल्या पाण्याला समजावण्यासाठी त्या पातेल्यात काहीतरी घाण सापडायला हवी होती. माणूस नुसते 'मी हे खात नाही' म्हणून थांबू शकत नाही. त्याला 'हे खाण्याजोगे नाही' असेही म्हणायचे असते. परहेज आणि शिवाशीव यांतला फरक आम्हाला इथे कुठेतरी दिसतो. परहेज माझ्याबद्दल बोलते. शिवाशीव तुझ्याबद्दल बोलते. पण एकीतून दुसरीत जायला चार प्रश्न पुरतात.

आमच्या अम्मींना परहेज साधले होते, असे आम्हाला लहानपणापासून वाटत आले. आमचे गाव सावित्रीच्या खाडीकाठी. शेजारी एक काकू होत्या. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचे ताट येई आणि आम्ही पोरे चकल्यांवर तुटून पडत असू. ईदला मात्र अम्मी त्यांच्याकडे शीरखुर्मा पाठवत नसत. एका परातीत कोऱ्या शेवया, साखर, खारीक, चारोळी, काजू ठेवून, वर दुधासाठी पैसे ठेवून, रुमाल झाकून पाठवत. कोरा शिधा. काकू आपल्या चुलीवर, आपल्या भांड्यात खीर करत आणि पोरांना वाटत. आमच्या हातचे शिजवलेले त्यांना चालत नव्हते, त्यांच्या हातचे आम्हाला चालत होते. आम्ही हे पुष्कळ भाषणांत सलोख्याचे उदाहरण म्हणून सांगितलेले आहे. टाळ्याही मिळाल्या. पण परात नेणारे आम्हीच असायचो, आणि एकदा, नववीत असताना, आम्ही अम्मींना विचारले होते, "शिजवून का नाही देत?" अम्मी म्हणाल्या, "त्यांना आवडेल तसं त्या करतील." याच्या पुढे काही बोलल्या नाहीत. भाषणात आम्ही ही गोष्ट नेहमी परातीपाशी थांबवतो. अम्मींच्या चेहऱ्यापर्यंत नेत नाही.

त्याहून जास्त लपवलेली गोष्ट दुसरी आहे. आमच्याच घरात, मोरीकडच्या कोनाड्यात, दांडी तुटलेला एक कप असे. संडास साफ करायला येणाऱ्या मावशींना त्यात चहा मिळे. चहा तोच, पातेले तेच, साखर तेवढीच. कप मात्र तो. त्या आपला कप आपणच विसळून कोनाड्यात पालथा घालत. हे कोणत्या किताबात लिहिले आहे? हलाल-हरामचा तिथे काय संबंध? आपण मसावातची, बरोबरीची गोष्ट सांगतो. एका सफेत उभे राहणारे महमूद आणि अयाज आम्ही मुलांना सांगतो. आणि कोनाड्यात तो कप. आमच्या घरात तो कधी आणि कोणी ठेवला हे कोणालाच आठवत नाही. तो असायचा, इतकेच. डब्यापुढच्या बाईंचा राग करताना हा कप आम्हाला एकदाही आठवला नव्हता. हनोईत त्या बाईने पातेल्याचे झाकण उचलले तेव्हा आठवला.

शुक्रवारी जुन्या पेठेतल्याच हांग ल्युक रस्त्यावरच्या अल-नूर मशिदीत नमाज पढलो. १८९०च्या सुमारास मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या पैशांतून ती उभी राहिली. छोटीशी, पांढरी, कमानींची. त्या मुंबईकरांनी तिथे जेवायला काय केले असेल, असा विचार मनात आला. त्या वेळी फो जन्मलाही नव्हता. पण पातेली तर होतीच, आणि शेजारीही.

त्यानंतर चार दिवस आम्ही सायगावला होतो. सरकारी नाव हो चि मिन्ह शहर, पण लोक सायगावच म्हणतात. तिथे बेन थान बाजाराजवळ न्गुयेन आन निन्ह नावाचा आखूडसा रस्ता आहे. मलेशियातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी कपड्यांची दुकाने आणि हलाल खानावळी यांनी तो भरलेला. पुष्कळशा दुकानांवर चाम मुसलमान बसलेले. चाम म्हणजे मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे नांदलेल्या चंपा राज्याचे वारस. १४७१मध्ये व्हिएतनामी फौजांनी त्यांची विजय ही राजधानी घेतली, १८३२मध्ये उरलासुरला भागही गिळला. मेकाँग नदीच्या खोऱ्यात, चाऊ डॉकच्या बाजूला राहणारे चाम सुन्नी आहेत आणि शाफई आहेत. आम्ही कोकणी मुसलमानही शाफई. एवढ्या लांब येऊन आपल्यासारखीच नमाज पढणारी माणसे भेटल्यावर बायकोला भरून आले.

तिथे आम्ही फो खाल्ला. पहिल्यांदा, पोटभर, निर्धास्त. दक्षिणेचा फो उत्तरेपेक्षा गोडसर, आणि बरोबर पानांचे ताट येते: तुळशीच्या जातीची सुगंधी पाने, कातरलेल्या कडांची लांब कोथिंबीर, मोड आलेले मूग, लिंबाची फोड, मिरची. आपल्या हाताने तोडून घालायचे. हनोईत हे ताट नसते; तिथे पात, व्हिनेगरमधला लसूण आणि फार तर तळलेली पिठाची कांडी. तिकडचे लोक या पानांच्या ढिगाला नाक मुरडतात, इकडचे लोक तिकडच्या रश्श्याला फिका म्हणतात. म्हणजे ज्यांच्यात हलाल-हरामचा तंटा नाही त्यांनीही तंटा शोधून काढलेलाच आहे. पहिला घोट घेतला आणि आम्ही दोघे गप्प झालो. रस्सा पाण्यासारखा नितळ दिसतो, आणि तोंडात गेल्यावर मागून एकेक चीज पुढे येते, आधी हाड, मग भाजलेले आले, सगळ्यांत शेवटी चक्रफूल. निहारीसारखी ती मसाल्याची मोठी सलामी नाही. कपाळाला घाम आला. दुसरा वाडगा मागवला.

दुकानाच्या मालकीणबाई, डोक्यावर पांढरा रुमाल, मोडक्या इंग्रजीत बोलत होत्या. आम्ही तारीफ केली तेव्हा म्हणाल्या, "हे आमचं नाही, व्हिएतनामी लोकांचं आहे. आम्ही फक्त गोश्त आमचं घालतो." म्हणजे ज्यांनी यांचे राज्य घेतले त्यांचेच खाणे, पाककृती तीच ठेवून चामांनी नुसती सुरी बदललेली. त्यात आम्हाला मोठी अक्कल दिसली. शेजाऱ्याची चव घ्यायची, त्याला नापाक म्हणायचे नाही, आणि आपले हलालही सोडायचे नाही. बायको म्हणाली, "बघा, झालं की नाही? सवाल मिटला."

आमच्या मते तो मिटला नव्हता. दुसरा वाडगा संपवतानाही आम्हाला हनोईचे पातेले दिसत होते. आपल्याच माणसांत बसून निर्धास्त खाण्यात सुख आहे, ते आम्ही नाकारत नाही. २०१५नंतर ज्याने रेल्वेत डबा उघडताना आजूबाजूला पाहिले आहे त्याला त्या सुखाची किंमत कळते. पण सुरी बदलून रश्श्याचा प्रश्न सुटतो, ती बाई तिथेच राहते. तिच्याशी आमचे जे झाले ते सायगावच्या पन्नास वाडग्यांनीही भरून निघणारे नव्हते.

इथे कोणी म्हणेल, आणि परतल्यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये एका वडीलधाऱ्या सरांनी म्हटलेही, की तुम्ही उगाच स्वतःला कोरडे मारून घेता. परमुलुखातला पाहुणा एका फुटपाथवर चार प्रश्न विचारतो, त्याने कोणाचे काय बिघडते? ती बाई तिच्या देशात मालक आहे, तिच्या दुकानासमोर रांग आहे. आणि आपल्याकडे ज्यांना 'काय खाता' असे विचारून घर भाड्याने नाकारतात त्यांची गोष्ट निराळी. जोराच्या माणसाने विचारणे आणि बिनजोराच्या माणसाने विचारणे एक नव्हे. सरांचे म्हणणे खोटे नाही. अन्यायाचे माप करताना कोणाच्या हातात काय आहे हे पाहावेच लागते, आणि आम्ही ते पुसू इच्छित नाही. तरी अडचण उरते. मोरीकडच्या कपासमोर जोर कोणाचा होता? आमचा. प्रशिक्षणाच्या बाकावर? आमचा नव्हता. एकाच माणसाच्या हातात सकाळी जोर असतो आणि दुपारी नसतो. सवय मात्र दोन्ही वेळी तीच राहते. आणि ज्याला स्वतःवरचा प्रश्न बोचला त्याच्याकडून दुसऱ्यावरचा प्रश्न थोडा हळू येईल, अशी आमची समजूत होती. ती हनोईच्या पहिल्याच सकाळी खोटी ठरली. उलट ज्याला आयुष्यभर विचारले गेले आहे तो विचारण्यात जास्त तरबेज असतो. त्याला सगळे प्रश्न पाठ असतात.

परतीचे विमान हनोईहून होते. शेवटच्या सकाळी मेहुण्याला बरोबर घेऊन आम्ही त्या गल्लीत गेलो. व्हिएतनामी भाषेत नुसता 'मी' आणि 'तू' क्वचितच वापरतात. प्रत्येक हाकेत नाते असते, मोठी बहीण, काका, आजी. मेहुण्याने तिला 'बा' म्हटले, म्हणजे आजी. स्वतःला 'चाऊ', नातू. एवढ्यानेच तिचा चेहरा बदलला, किंवा आम्हाला तसे वाटले. त्याने सांगितले, ही माझी बहीण आणि बहिणीचा नवरा, भारतातून आलेले, आमच्या धर्मात जनावर एका ठरावीक रीतीने कापलेले असावे लागते, म्हणून ते खाऊ शकत नाहीत. तुमच्या भांड्याबद्दल त्यांना काही म्हणायचे नव्हते. तिने हे ऐकून घेतले. मग विचारले, आणि हे मेहुण्याने आम्हाला नंतर हसत सांगितले, "एवढंच होतं तर मग झाकण का उघडायला लावलं?"

आम्ही त्या बुटक्या स्टुलांवर बसलो. तिने आम्हाला बर्फ घातलेला हिरवा चहा दिला. भोवती सगळे सुर्र सुर्र खात होते आणि आम्ही त्यांच्यात बसून चहा पीत होतो. पहिल्या दिवशी आम्ही उभे राहून प्रश्न विचारले होते. बसलो असतो तर तेच प्रश्न इतके उंचावरून पडले नसते, असे बायको म्हणाली. प्रशिक्षणातल्या बाई नुसत्या बाकावर बसून राहिल्या असत्या, आमचे काही न खाता, तरी आम्हाला चालले असते. बहुधा चालले असते.

उठायच्या वेळी म्हातारी आत गेली. एका पिशवीत तांदळाच्या कोऱ्या पट्ट्या, पातीची जुडी, दोन लिंबे, आणि कागदात बांधलेले चक्रफूल, दालचिनी, वेलची, असे घेऊन आली. मेहुण्याला म्हणाली, घरी तुमच्या रीतीचे मांस आणून करा. आले मात्र पहिल्यांदा जाळावर भाजा, तसेच टाकू नका. पैसे तिने मोजून घेतले, एक डाँगही सोडला नाही.

पिशवी घेताना आमचा हात जरा अडखळला. परात नेणारे हात होते ते. घेणाऱ्यांना कसे वाटते हे त्यांना माहीत नव्हते. अपमान वाटला का? नाही. आनंद वाटला का? तोही पुरता नाही. काकू परातीवरचा रुमाल काढताना नेहमी अम्मींची खुशाली विचारत आणि आमच्याकडे न पाहता शेवयांकडे पाहत, ते इतक्या वर्षांनी डोळ्यांसमोर आले.

विमानाला सहा तास होते. मेहुण्याच्या खोलीत हलाल कोंबडी होती, तिचाच रस्सा चढवला. आले गॅसवर भाजले, कांदाही भाजला. तीन तासांत जमेल तेवढे जमले. रस्सा गढूळ झाला, पट्ट्या जास्त शिजून तुटल्या, आणि बायकोने सवयीने त्यात हळद टाकली.